साहेब म्हणजे सोबती

‘साहेब’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीकडून आला. मूळ अरबी शब्द ‘साहिब’. त्याचा पहिला अर्थ सोबती, बरोबर असणारा. पैगंबरसाहेबांच्या (स.) सोबत्यांना आपण ‘सहाबा’ म्हणतो, ते याच शब्दाच्या कुळातले. धनी, बाळगणारा हा अर्थही त्याला पहिल्यापासून आहे. पण आपल्या ऑफिसांत आणि कारखान्यांत येईपर्यंत त्यातला सोबती गळून पडला आणि धनी तेवढा उरला. उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे अशा शब्दांचा प्रवास माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. अलीकडे या शब्दाचा विचार मात्र वेगळ्या कारणाने करावा लागला.

आमचा पलूस तालुका शेतीचा तेवढाच नोकरीचाही. इथे किर्लोस्करवाडी आहे, कुंडलचा साखर कारखाना आहे, भिलवडीची डेअरी आहे, पलूसची एमआयडीसी आहे, हंगामात द्राक्षांची पॅकहाउसं आहेत. माझ्या हाताखालून गेलेली मुलं-मुली या सगळ्या ठिकाणी कामाला आहेत. पहिल्या काही वर्षांत ती भेटली की पगाराबद्दल बोलायची. आता त्यांतले काही सुपरवायझर झालेत, शिफ्ट इन्चार्ज झालेत, म्हणजे छोटे-मोठे साहेबच झालेत. आता ती माणसांबद्दल बोलतात. “मॅडम, मशीन कळते, माणूस कळत नाही,” असं एकजण म्हणाला. कंपनीने त्यांना ‘भावनिक बुद्धिमत्ता’ या विषयावर दिवसभराचं ट्रेनिंग दिलं होतं. त्याने मला विचारलं, “यातलं खरं किती?”

खरं बरंच आहे. पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना नीट मांडली. आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणं, त्यांच्यातला फरक समजणं आणि त्या समजुतीचा उपयोग विचार करताना, वागताना करणं, हीसुद्धा एक बुद्धी आहे, असं त्यांचं म्हणणं. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन या पत्रकाराच्या पुस्तकाने ती जगभर नेली. पुढे गोलमन यांनी तिचे पाच भाग सांगितले. स्वतःला ओळखणं, स्वतःला आवरणं, आतून येणारी उमेद, दुसऱ्याचं मन जाणणं आणि माणसं जोडणं. चांगला शिक्षक, चांगली परिचारिका, चांगला मुकादम यांना हे नाव न घेताही ठाऊक असतं.

माझी शंका वेगळी आहे. दुसऱ्याचं मन ओळखता येणं हे कौशल्य आहे आणि कौशल्य कुणाच्याही हातात पडू शकतं. व्याजाने पैसे देणाऱ्या सावकारालाही समोरच्याची नड बरोबर ओळखता येते, म्हणून तर त्याचा धंदा चालतो. माणूस नोकरी सोडून जाऊ शकत नाही, घरी आजारी आई आहे, कर्जाचा हप्ता आहे, हे ज्या साहेबाला कळतं तो त्याला रात्रपाळी बदलून देऊ शकतो किंवा त्याच माहितीच्या जोरावर त्याच्याकडून चार तास फुकट काम करून घेऊ शकतो. ओळखण्याची बुद्धी दोघांकडे सारखीच. म्हणून मन ओळखता येतं का, एवढंच विचारून भागत नाही. ओळखल्यावर साहेबाने स्वतःचं काय पणाला लावलं, हे पाहावं लागतं.

उर्दूत ‘हमदर्दी’ म्हणतात. ‘हम’ म्हणजे एकत्र, ‘दर्द’ म्हणजे दुखणं. मराठीत सहानुभूती, ‘सह’ आणि ‘अनुभूती’. दोन्ही शब्दांत बरोबर असणं आहे. गोड आवाज, खांद्यावर हात, वाढदिवसाचा केक यांतलं काहीही या शब्दांत नाही.

याचं उदाहरण शोधायला मला लांब जावं लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढती त्यांची असताना ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. ते नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे भावाबरोबर सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. बेळगावातली जागाही नगरपालिकेच्या विस्तारासाठी सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. निवडुंगाने भरलेल्या, सापांच्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

अशा ओसाड माळावर पहिला प्रश्न राखणीचा. लक्ष्मणरावांनी तिथे राखणदार म्हणून जी माणसं ठेवली त्यांत तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे होते. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. हे दोघे पुढे वाडीचे विश्वासू पहारेकरी झाले.

आपण ही गोष्ट कौतुकाने सांगतो आणि पुढे जातो. थोडं थांबून त्या काळाकडे पाहायला हवं. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. अशा जमातींच्या माणसांसाठी ‘हजेरी’ या शब्दाचा अर्थ पोलिसांपुढे उभं राहणं असा होता. मी इथेच आहे, पळालो नाही, कुठे चोरी झाली असेल तर ती मी केलेली नाही, हे रोज सिद्ध करणं. ज्यांच्याकडे जग असं पाहत होतं, त्यांतल्या शिक्षा भोगलेल्या दोघांच्या हाती लक्ष्मणरावांनी आपली वाडी दिली. यात जोखीम कोणाची होती? लक्ष्मणरावांची. चोरी झाली असती तर नुकसान त्यांचं आणि हसं त्यांचंच झालं असतं.

याच वाडीत अनंतराव फळणीकर नावाचे गृहस्थ होते. शाळेत ते माध्यमिकच्या पुढे गेले नाहीत, पण कारखान्यात कल्पक इंजिनियर ठरले. मी स्वतः बीएड आहे, गुणपत्रिकांवर सह्या करते, म्हणून हे उदाहरण मला जास्त टोचतं. आमच्या कागदाने ज्याला नापास म्हटलं असतं, त्याच्या हातातलं कसब कुणीतरी पाहिलं. आणि शेतकरी? लोखंडाच्या नांगराने जमिनीत विष भिनतं, असं तेव्हा लोक मानायचे. “अडाणी आहेत” म्हणून तो विषय सोडून देता आला असता. पण ज्याचं पोट एका जमिनीवर आहे, तो त्या जमिनीत नवं हत्यार घालायला घाबरणारच. ती भीती समजून घेतल्याशिवाय नांगर विकला गेला नसता.

लक्ष्मणरावांना डावललं गेलं होतं, जागेवरून उठवलं गेलं होतं, म्हणून त्यांना दुसऱ्याचं दुखणं कळलं असेल, असं म्हणायचा मोह होतो. पण तसं आपोआप होत नाही. सासुरवास सोसलेली प्रत्येक सून चांगली सासू होत नाही. सोसलेलं आठवून पुढच्याशी वेगळं वागायचं, हे रोज ठरवावं लागतं.

किर्लोस्करवाडीची ही जमीन औंध संस्थानातली. त्याच संस्थानात आटपाडीही होती. तिथे १९३९ मध्ये मॉरिस फ्रीडमन यांनी स्वतंत्रपूर उभं केलं. फ्रीडमन मूळचे पोलंडमधले ज्यू, पेशाने इंजिनियर. बंगळूरला सरकारी विजेच्या कारखान्याचं व्यवस्थापन सांभाळलेले, म्हणजे आपल्या भाषेत साहेबच. शिक्षा झालेले कैदी भिंती आणि बेड्यांशिवाय राहतील, शेती करतील, कुटुंबाबरोबर राहतील, अशी ही वसाहत. १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या व्ही. शांतारामांच्या चित्रपटामागे ही हकिगत आहे. कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, तेही त्याच मुलखातले. एक हिंदू राजा, एक ज्यू इंजिनियर आणि समाजाने टाकलेले कैदी. यांना धर्म, जात, भाषा काही एक नव्हतं. तरी एकमेकांवर विश्वास टाकता आला.

मुसलमान वाचकांना वाटेल, हे आपल्याकडे आहेच. आहे, आणि आपण ते भाषणात वापरून झाल्यावर परत कपाटात ठेवतो. उहुदच्या लढाईआधी मदिनेत राहून लढावं की बाहेर पडावं, यावर सल्लामसलत झाली. पैगंबरसाहेबांचं (स.) स्वतःचं मत मदिनेत थांबण्याचं होतं, पण अनेकांचा, विशेषतः तरुणांचा आग्रह बाहेर पडण्याचा होता. त्यांनी तो मानला. लढाईत तिरंदाजांनी आपली जागा सोडली आणि मोठं नुकसान झालं. आजच्या कुठल्याही मीटिंगमध्ये यानंतर काय होईल ते आपल्याला माहीत आहे. “मी सांगितलं होतं, तुम्हीच ऐकलं नाही.” पण त्या प्रसंगानंतर सूरह आले-इम्रानमध्ये जो आदेश आला, त्याचा आशय असा: तुम्ही त्यांच्याशी मवाळ वागलात ही अल्लाहची कृपा, कठोर असता तर ही माणसं तुमच्याभोवतून पांगली असती, त्यांना माफ करा, त्यांच्यासाठी क्षमा मागा आणि कामात त्यांचा सल्ला घेत राहा. सल्ला चुकीचा ठरल्यानंतरही सल्ला घेत राहा! व्यवस्थापनाच्या किती वर्गांत हे शिकवतात, मला माहीत नाही. पण हे आयत पाठ असलेला माणूस दुकानातल्या पोऱ्यावर ओरडतो तेव्हा मला वाईट वाटतं.

हजरत अनस (रजि.) लहान वयात सेवेला लागले आणि दहा वर्षं राहिले. त्या दहा वर्षांत आपल्याला एकदाही साधा वैतागाचा शब्द ऐकावा लागला नाही, असं त्यांनी सांगितलंय. हजरत अबू जर (रजि.) यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवलं, तेव्हा पैगंबरसाहेबांनी त्यांना सुनावलं. तुमच्या हाताखालची माणसं तुमचे भाऊ आहेत, जे तुम्ही खाता ते त्यांना द्या, झेपणार नाही एवढं काम लादू नका आणि लादलंच तर स्वतः हातभार लावा, असा त्या हदीसचा अर्थ. शेवटचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. झेपणार नाही एवढं काम कधीकधी येणारच, हे त्यात गृहीत धरलंय. ऑर्डर तातडीची असते, ट्रक उभा असतो. अशा वेळी साहेब कुठे उभा असतो, हे त्यात विचारलंय.

आता आपल्या रोजच्याकडे येऊ. अरबी-उर्दूत ‘रजा’ म्हणजे राजीखुशी, संमती. मराठीत त्याचा अर्थ झाला परवानगी आणि मग सुट्टी. भाषेने फार बरोबर पकडलंय. कामगाराची सुट्टी साहेबाच्या राजीखुशीवर लटकलेली असते. म्हणून साहेबाची परीक्षा घ्यायची तर रजेच्या अर्जाजवळ घ्यावी.

माझे अब्बा वारले तेव्हा मी ज्या संस्थेत होते, तिथल्या वरिष्ठांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, “मग किती दिवस?” रजा त्यांनी पूर्ण दिली, एक दिवसही कापला नाही. तरी तो प्रश्न अजून कानात आहे. त्याच दिवशी माझ्या एका सहकारी बाईंनी न विचारता माझे तास वाटून घेतले आणि निरोप पाठवला, “इकडचं बघू नका.” नियमाने मला वरिष्ठांनीच रजा दिली. पण त्या दिवशी माझ्याबरोबर कोण होतं, ते मला कळलं.

माझा तो विद्यार्थी, ज्याला माणूस कळत नव्हता, त्याच्या शिफ्टमध्ये एकजण दोनदा मशीनजवळ डुलकी घेताना सापडला. मेमो तयार होता. द्यायच्या आधी त्याने त्याला चहाला नेलं. बायको सांगलीला दवाखान्यात होती, हा दिवसा तिथे आणि रात्री इथे. विद्यार्थ्याने दुसऱ्या एकाला विचारून पंधरा दिवस पाळ्या बदलल्या. आणि त्या माणसाला सांगितलं, “झोप येत असेल तर मशीनवर उभं राहायचं नाही, मला सांगायचं. हात गेला तर मी परत देऊ शकत नाही.” यातलं दुसरं वाक्य मला पहिल्या कृतीइतकंच हमदर्दीचं वाटतं. हो म्हणणं म्हणजे हमदर्दी नव्हे. स्पष्ट नकार देतानाही समोरच्याचा जीव मोलाचा मानता येतो.

खरी अडचण पुढे आहे. आपल्यासारख्या माणसाचं दुखणं आपल्याला पटकन कळतं. गावचा, भावकीचा, जातीचा, धर्माचा असेल तर अर्ज वाचायच्या आधीच सही होते. याला आपलेपणा म्हणतात आणि तो चांगलाच असतो, पण त्याला हमदर्दी समजू नये. शुक्रवारी दुपारी अर्धा तास मागणाऱ्या पोराकडे “यांचं दर आठवड्याला असतंच” म्हणून पाहणारा साहेब, वारीसाठी आठ दिवस मागणाऱ्याला हसत सोडतो. याच्या उलटही घडतं. रमजानमध्ये जेवणाची सुट्टी इफ्तारच्या वेळेला सरकवली तर कंपनीचं काहीच जात नाही. जिथे तसं करतात तिथे पुढे दिवाळीच्या पाळीला मुसलमान कामगार स्वतःहून उभे राहतात, हे मी ऐकलेलं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटली, तेव्हा आख्खा तालुका एका दुःखात होता. पाणी उतरल्यावर घरातला चिखल काढायला माणूस थांबला तर त्याचा खाडा धरायचा की नाही, हा प्रश्न तेव्हा प्रत्येक साहेबापुढे होता. पाण्याने जात-धर्म विचारला नव्हता. खाड्यांच्या वहीनेही विचारायला नको होतं.

इतरांकडून हे मागताना आपल्या अंगणातही पाहावं लागेल. आपल्यातल्या अनेकांची गॅरेजं आहेत, बेकऱ्या आहेत, फॅब्रिकेशनची आणि फर्निचरची दुकानं आहेत. तिथे उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली पोरं काम करतात, त्यांतली बरीच आपल्याच धर्माची. ती दुकानातच झोपतात. त्यांच्या कामाला वेळ ठरलेली नाही, पगाराला तारीख ठरलेली नाही. “घरच्यासारखा आहे” असं मालक म्हणतो. घरच्यासारखा असेल तर त्याचं ताट कुठे मांडता? घाम वाळायच्या आधी मजुरी द्यावी, ही हदीस आपण मोठ्या अभिमानाने दुसऱ्या धर्माच्या मित्रांना सांगतो. ती सांगण्याआधी आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचे पैसे कोणत्या तारखेला दिले, ते आठवावं. नोकरीत भेदभाव होतो म्हणून बोलायचा हक्क आपल्याला आहे, तो मी सोडणार नाही. पण आपल्या हाताखालच्या माणसाला न्याय देणाऱ्याच्या तोंडी तो जास्त शोभतो.

एक आक्षेप नेहमी येतो. “कारखाना म्हणजे धर्मशाळा नव्हे, मॅडम. एकाला सोडलं की दहा उभे राहतात.” यात तथ्य आहे. सुपरवायझर बिचारा दोन्हीकडून दाबला जातो. वरून टार्गेट, खालून अर्ज. त्याच्यावर ओरडणारा साहेब त्याला हमदर्दीचं ट्रेनिंग देतो, हा तर विनोदच आहे. म्हणून मी म्हणते, चांगुलपणा एका माणसाच्या स्वभावावर सोडू नये, त्याचा नियम करावा. लक्ष्मणरावांसारखा मालक लाभणं हे नशीब झालं, आणि मालकाच्या मर्जीने मिळालेली गोष्ट मर्जीने जातेही. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याची सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर, मोठ्या कारखान्यांत कँटीन, बायका जास्त असतील तिथे पाळणाघर हे सगळं लिहून ठेवलं. ती कलमं रुक्ष वाटतात. पण पाळणाघराचं कलम लिहिताना कुणीतरी मशीनवर उभ्या असलेल्या आईच्या मनात काय चाललंय याचा विचार केला होता. कायदा हीसुद्धा साठवून ठेवलेली हमदर्दीच. कंत्राटी कामगाराला तिच्यातलं काही मिळत नसेल तर त्या कारखान्यात भावनिक बुद्धिमत्तेचे पोस्टर लावण्यात अर्थ नाही.

नियम असला की दहा उभे राहण्याची भीतीही कमी होते. कोणत्या कारणासाठी किती रजा, पाळी कशी बदलायची, शुक्रवारचा अर्धा तास किंवा एकादशीचा दिवस कसा भरून काढायचा, हे फळ्यावर लिहिलेलं असेल तर कुणाला हात जोडावे लागत नाहीत आणि कुणाला मेहरबानी दाखवता येत नाही. साहेबाकडे मग तेवढंच उरतं जे नियमात लिहिता येत नाही. मेमो द्यायच्या आधी विचारणं. चारचौघांत न ओरडणं. चूक आपली असेल तर ती खालच्यावर न ढकलणं. नाव लक्षात ठेवणं, आणि ते नीट उच्चारणं. मुश्ताकला वर्षभर ‘मस्ताक’ म्हणणाऱ्याला मुश्ताकच्या मनातलं कळेल, हे मला पटत नाही.

माझ्या वर्गातल्या मुलांपैकी कुणी पुढे हेल्पर होईल, कुणी साहेब. हेल्परने कसं वागावं, हे आपण शाळेत बारा वर्षं शिकवतो. वेळेवर या, रांगेत उभे राहा, उलट बोलू नका. साहेबाने कसं वागावं, याचा तास आमच्या वेळापत्रकात नाही. म्हणून मी एवढंच करते. वर्गाचा मॉनिटर निवडला की त्याला सांगते, फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची नाहीत. कोण गप्प बसलंय ते बघायचं आणि मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बसायचं.